लेट म्हणजे समजा

मगदूम सर गेल्याची बातमी साखर कारखान्याच्या ऑफिसातून आली. आमच्या शाळेत फोन नाही. त्यांच्या मुलाने सांगलीहून कारखान्यावर ट्रंककॉल केला आणि तिथला शिपाई सायकलवरून निरोप घेऊन आला. मी आठवी ब च्या वर्गावर होते. शिपाई दारात उभा राहिला, त्याने डोक्यावरची टोपी काढली, आणि तो काही बोलायच्या आधीच मला कळलं. दिवाळीपासून आम्ही याच निरोपाची वाट पाहत होतो असं म्हटलं तर वाईट दिसेल, पण खरं ते तेच. मिरजेच्या दवाखान्यातून सरांना घरी नेलं तेव्हाच डॉक्टरांनी हात वर केले होते. त्यामुळे रडू आलं नाही. खुर्चीवर बसले तेव्हा नुसतं अंग जड झालं, उन्हात लांबवर चालून आल्यावर होतं तसं.

दुसऱ्या दिवशी शोकसभा ठेवली. व्हरांड्यातल्या ज्या फळ्यावर रोज सुविचार असतो, त्यावर हेडमास्तरांनी सूचना लिहायला सांगितली. हल्ली आमच्या शाळेचे फलक इंग्रजीत असतात, कारखान्याची माणसं येऊन-जाऊन असतात म्हणून. हेडमास्तरांनी तोंडी सांगितलं आणि आठवी ब च्या पोरांनी ऐकून लिहिलं. मी जाता-जाता पाहिलं. ‘लेट श्री. जिनगोंडा मगदूम’... अक्षर टपोरं, रेघ सरळ, आणि पहिल्याच शब्दात चूक. दिवंगत या अर्थाचा जो इंग्रजी ‘लेट’ आहे त्यात ए लागतो, एल-ए-टी-ई. पोरांनी एल-ई-टी एवढंच लिहिलं होतं. दुरुस्त करायला हवं असं मनात आलं, तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली आणि ते राहून गेलं.

खरं म्हणजे पोरांचा दोष नव्हता. हा तीन अक्षरांचा ‘लेट’ आमच्या शाळेतल्या ब तुकडीच्या पोरांना जितका पक्का येतो तितका दुसऱ्या कुठल्या शाळेत येत नसेल, आणि तो पक्का करून घेणारा माणूसच गेला होता.

मी या शाळेत लागले ती नवीकोरी बी.एस्सी., बी.एड. होऊन. माझं गाव म्हसवडच्या अलीकडे, नुसती कुसळं उगवणारी जमीन. वडील फौजेत हवालदार, आईला सही येत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पदवीचा कागद मी फ्रेम करून भिंतीला लावला आहे आणि आल्यागेल्याला दिसेल असाच लावला आहे. त्याची मला लाज वाटत नाही. मगदूम सर पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांनी तो उभं राहून सबंध वाचला, खालच्या सहीसकट. मग म्हणाले, “बाई, कॉलेजात गणित इंग्रजीत व्हतं न्हवं? पहिलं सहा म्हैनं काय केलंत?” असा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, “फळ्यावरचं उतरवून घेतलं. कळलं काहीच नाही. साताऱ्यात खोलीवर येऊन रडायची आणि पुन्हा सकाळी जाऊन उतरवायची.” सर हसले नाहीत. “मग आपलं जमंल,” एवढंच म्हणाले.

सर सांगलीकडचे, कृष्णाकाठच्या जैन शेतकऱ्याच्या घरातले. घरी उसाची शेती, भाऊ ती बघायचे. सरांचा वर्गातला आवाज वेगळा आणि बाहेरचा वेगळा. वर्गात पुस्तकातली मराठी, एकेक शब्द धुऊन ठेवल्यासारखा. शिक्षकांच्या खोलीत आले की लगेच “आवं बाई, च्या सांगा की.” कुणी नव्या मास्तराने त्यावरून एकदा थट्टा केली तर म्हणाले, “गड्या, वर्गात बूट घालतो, घरात अनवानी फिरतो. पाय त्येच हायेत.”

अकरावी जाऊन दहावीची शालान्त परीक्षा आली, त्या सुमाराला कारखान्यातल्या अधिकारी मंडळींनी शाळेकडे लकडा लावला. पुढे सायन्स इंग्रजीतूनच आहे, तर आठवीपासून गणित तरी इंग्रजीतून शिकवा. मागणी चुकीची नव्हती. साताऱ्याच्या खोलीवर रडलेल्या बाईला तरी ती चुकीची कशी वाटणार? हेडमास्तरांनी आम्हा दोघांना बोलावून आठवी ते दहावीचा अभ्यासक्रम आखायला सांगितला. सरांनी विचारलं, “अ आणि ब, दोन्ही तुकड्यांसाठी ना?” हेडमास्तर म्हणाले, “आधी आखा तर.” सरांनी ते होकारार्थी घेतलं. अ तुकडीत कारखान्याच्या वसाहतीतली, डॉक्टर-वकिलांची मुलं. ब मध्ये वाड्यावस्त्यांवरून चालत येणारी, ऊसतोडीच्या दिवसांत निम्मी गैरहजर असणारी. सरांना हा सगळा खटाटोप ब साठी करायचा होता. अ तुकडीतल्या मुलांना घरी विचारायला कुणी होतं. ब मधल्या मुलांना कॉलेजात जाऊन माझ्यासारखं फळ्याकडे बघत बसावं लागणार होतं... गेलीच तर.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सर गावी गेले नाहीत. मी रोज दुपारी त्यांच्या खोल्यांवर जायची. मगदूम काकू ताक द्यायच्या आणि आतल्या दाराशी निवडत-टिपत बसायच्या. काम दिवस मावळायच्या आधी थांबायचं, कारण सर अंधार पडल्यावर जेवत नसत. उन्हं भिंतीवर चढली की काकू नुसतं भांडं वाजवायच्या. सर वाक्य अर्धं सोडून उठायचे. मला कधी कधी राग यायचा, हाताशी आलेलं निसटायचं. सर म्हणायचे, “ऱ्हाऊ द्या अर्धं. अर्धं ऱ्हायलं म्हंजी उद्या लवकर सुरू व्हतं.”

आखणीची मुख्य युक्ती त्यांची आणि ती त्यांना शेतातून सुचली. मी म्हणत होते, सरळ पहिल्या दिवसापासून इंग्रजी सुरू करू, पोरं धडपडतील आणि शिकतील. त्यांनी दारामागच्या फळ्यावर एक उभी रेघ ओढली. डावीकडे मराठी, भरपूर जागा. उजवीकडे इंग्रजी, वीतभर. “ह्यो बांध. आमच्या थोरल्या चुलत्यानं काय केलं? दरसाल नांगरताना एकेक तास आमच्या बांधात घालायचा. कुनाच्या ध्यानात आलं न्हाई, आन आमची अख्खी पट्टी गेली. आपुन तसंच करायचं. पोरांच्या ध्यानात न येता बांध कोरत जायचा. दर आठवड्याला एक तास.” शेतातला तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आणि शाळेतला तास एका वाक्यात बसल्यावर त्यांना स्वतःलाच हसू आलं. आतून काकू म्हणाल्या, “चुलत्याचं आता तरी सोडा वो. ते गेलं मरून.” सर म्हणाले, “त्येंचाच कोर्स हाय ह्यो. नाव घालाय पायजे त्येंचं.”

भांडणंही झाली. पाढे इंग्रजीत घ्यायचे असं माझं म्हणणं. त्यांनी एकदम विचारलं, “सात अडीच?” मी म्हणाले, “साडेसतरा.” “आता इंग्रजीत म्हना.” मी ‘सेव्हन टू अँड अ हाफ’ म्हणायला गेले आणि मध्येच अडकले. जीभ अडकली तसा आकडाही हरवला. सर म्हणाले, “सव्वा, दीड, अडीच... आपल्या पोरांकडं ह्यी अवजारं हायेत, बाई. साहेबाकडं न्हाईत. इंग्रजी शिकवायची म्हनून कुऱ्हाड काढून घ्यायची का हातातली?” तेव्हा ठरलं : पाढे मराठीत, पायऱ्या इंग्रजीत. मी कबूल केलं, मनापासून नाही, पण केलं.

अवघड शब्दांची आम्ही आधीच तयारी केली होती. पक्ष, साध्य, सिद्धता यांना इंग्रजीत काय म्हणायचं, समांतरला काय, संगत कोनाला काय, कोणता शब्द कोणत्या आठवड्यात उजवीकडे जायचा. ‘लेट’ त्यात नव्हता. तीन अक्षरांच्या शब्दाला कोण घाबरतं? ‘क्ष मानू’ याला इंग्रजीत ‘लेट एक्स बी’, झालं. आम्हा दोघांनाही तो शब्द इतका अंगवळणी पडला होता की तो परका आहे हेच विसरलो.

जून उलटल्यावर शाळा समितीची माणसं पाठ बघायला आली. समितीत कारखान्याचे इंजिनिअरसाहेब होते. माणूस वाईट नव्हता, पण मोठ्याने बोलायची सवय. सरांनी मुद्दाम अ आणि ब ची मुलं एका वर्गात बसवली. पाहुणे मागच्या बाकांवर, मी खिडकीशी. वयाचं उदाहरण होतं, बाप आणि मुलगा यांच्या वयांचं. सर फळ्याशी उभे राहून सावकाश म्हणाले, “लेट फादर्स एज बी एक्स.” आणि वर्गाकडे वळून, “लेट म्हणजे काय?”

मागून एक पोरगा ओरडला, “उशीर, सर! एसटी लेट!” सगळा वर्ग खिदळला. पाहुणेही हसले. सरही हसले आणि म्हणाले, “अजून कुणी?” तेव्हा ब मधली सुमन उभी राहिली. बारीक चणीची, दोन वेण्या घट्ट बांधलेली मुलगी. “सर, लेट फादर म्हंजी... वडील वारल्यालं.” इंजिनिअरसाहेब मागून मोठ्याने म्हणाले, “घ्या मगदूम! वय काढायच्या आधीच वडिलांना पोचवलं!” पुन्हा हसणं. सुमन बसली नाही. सरांनी विचारलं, “तुला कुणी सांगितलं गं हे?” ती म्हणाली, “आमच्या पेन्शनीच्या कागदावर आबांच्या नावाम्होरं लेट असतं.”

घरटी एक माणूस फौजेत असलेल्या आमच्या तालुक्यात कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. मी हवालदाराची लेक, सुमनचे वडील नाईक. माझे पेन्शन घेऊन परत आले, तिचे लढाईवरून आले नाहीत, एवढाच दोघींमधला फरक. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मुलीने चुकीचं काही सांगितलं नव्हतं. त्या सबंध वर्गात तो शब्द इंग्रजी शब्द म्हणून वाचलेली, त्याचा अर्थ घरात सोसलेली ती एकटीच होती.

सर फळ्याजवळून खाली उतरले. वर्गात त्यांच्या तोंडून गावची बोली मी पहिल्यांदा त्या दिवशी ऐकली. “तुझं बरोबर हाय, पोरी. त्यो लेट येगळा. त्येच्यात ए हाय. तिथं मानूस व्हता, आता न्हाई. ह्या लेटमधी ए न्हाई. हितं काय हाय त्ये आपल्याला अजून ठावं न्हाई, पर हाय असं धरून म्होरं चालायचं. सापडतं मग. आपल्यात काय म्हंत्यात त्येला?” सुमन जरा थांबली आणि म्हणाली, “समजा.” सरांनी रेघेच्या डावीकडे ‘समजा’ लिहिलं, उजवीकडे ‘लेट’, आणि खडू तिच्या हातात दिला. तिने उदाहरण सोडवलं. बापाचं वय बरोबर आलं, मुलाचंही. शेवटी तिने खाली दोन रेघा ओढल्या, सरांसारख्याच.

मला वाटलं, आता काय राहिलं? आपण जिंकलो. मी तेव्हा तशी लहानच होते.

पुढच्या आठवड्यात हेडमास्तरांनी आम्हाला बोलावलं. अभ्यासक्रम सगळ्यांना फार आवडला होता. इंग्रजी गणित मात्र फक्त अ तुकडीला, आणि अ मध्ये यायचं असेल त्याची इंग्रजीतून तोंडी परीक्षा. ब मधल्या मुलांचं इंग्रजी कच्चं आहे हे पाठाच्या वेळी दिसलंच, असं समितीचं मत पडलं होतं. सर म्हणाले, “पोरीनं उदाहरण सोडवलं ते दिसलं का समितीला?” हेडमास्तर म्हणाले, “मगदूम, तुमचा कोर्स आहे, तुम्हीच शिकवा ना अ ला. सोनं होईल.” सर म्हणाले, “आवं सर, मी औषध केलं आजाऱ्यासाठी, तुमी त्ये पैलवानाला पाजाय लागलाय.” हेडमास्तरांवरही दडपण होतं. इमारतीच्या नव्या खोल्या कारखान्याच्या जिवावर उभ्या राहत होत्या. मी त्यांना दोष देत नाही. पण तो निर्णय चुकीचा होता, तेव्हाही आणि आजही.

सरांनी ब तुकडी मागून घेतली. ती कुणाला नकोच होती, लगेच मिळाली. अ माझ्याकडे आली. मी आमचा अभ्यासक्रम जसा आखला तसा शिकवला, पण तिथे बांधाची गरजच नव्हती. मुलं पहिल्याच महिन्यात म्हणाली, “बाई, डावीकडचं कशाला?” एके दिवशी मी ब च्या वर्गावरून जाताना आत पाहिलं. फळ्यावर तीच उभी रेघ होती. गणित सगळं मराठीत, नियमाप्रमाणे, परीक्षा मराठीतच होती. आणि उजव्या बाजूला वीतभर पट्टीत प्रत्येक पायरीसमोर एक इंग्रजी शब्द. ‘समजा’समोर लेट. ‘म्हणून’समोर देअरफोर. मी नंतर विचारलं, “सर, बांध कोरायचं थांबलं का?” म्हणाले, “चुलत्याला पट्टी पायजे व्हती. मला वीतभर बास. कॉलेजात गेल्यावर फळ्यावर एकतरी शब्द वळखीचा दिसंल पोरास्नी.”

त्यांनी ते शेवटपर्यंत केलं. वर्षामागून वर्ष. कुणी कौतुक केलं नाही, कुणी हरकतही घेतली नाही. इन्स्पेक्टर आले की ती पट्टी ‘कच्चं काम’ म्हणून खपून जायची. पहिल्या वर्षी त्यांनी समितीला पुन्हा विचारून पाहिलं, दुसऱ्या वर्षीही. मग विचारायचं सोडलं. त्यांची उमेद कधी गेली हे मला नेमकं सांगता येणार नाही. हळूहळू गेली, बांध जातो तशी. चहाच्या वेळी बोलणं कमी झालं. “आवं बाई” राहिलं, पुढचं वाक्य यायचं बंद झालं.

सुमनला दहावीला गणितात चांगले गुण पडले. सर तिच्या घरी जाऊन आले. आई म्हणाली, “सर, ठरलंय तिचं.” तिला शिरवळला दिली. सरांनी मला एवढंच सांगितलं, आणि त्या दिवशी ते तासाला पाच मिनिटं उशिरा गेले. एरवी कधी जायचे नाहीत.

दुखणं सुरू झाल्यावर सरांनी ब तुकडी माझ्या हाती दिली. अ ला नवे मास्तर आले, पुण्याहून शिकून. माघात मी सांगलीला उतरून त्यांच्या गावी जाऊन आले. घराच्या पुढच्या सोप्यात खाटेवर पडून होते. पलीकडे शेतात उसाचं पाचट जाळत होते, त्याचा वास घरभर. काकूंनी उशी टेकवून त्यांना बसवलं. अर्धा वेळ मीच शाळेतलं सांगत होते. मध्येच त्यांनी विचारलं, “बांध कुठवर आलाय?”

“हातभर सरकलाय,” मी म्हणाले. खरंच सरकवला होता मी. परवानगी कुणाची घेतली नव्हती.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, “आमच्या चुलत्यावानी झाला तुमी.” भिंतीवर उन्हं चढली होती. आत काकूंनी भांडं वाजवलं, सवयीने. खरं तर सर आता पेजेवरच होते, कधीही दिली तरी चाललं असतं... मी उठले. आमचं बोलणं अर्धंच राहिलं.

शोकसभेला चांगली गर्दी झाली. हेडमास्तर बोलले, इंजिनिअरसाहेबही बोलले. मगदूम सरांनी या शाळेत इंग्रजी गणिताचा पाया घातला, असं दोघांनीही सांगितलं. खोटं नव्हतं ते, म्हणून जास्त थकवा आला. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणाले. सभा संपल्यावर माणसं पांगली. व्हरांड्यात एक बाई कडेवर पोर घेऊन फळ्यासमोर उभी होती. पदर डोक्यावर, पायात धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला, सकाळच्या एसटीने आलेली दिसत होती. जवळ गेल्यावर ओळखलं. सुमन.

“कसं कळलं गं तुला?”

“पेपरात आलंवतं बारीक.” ती अजून फळ्याकडेच बघत होती. “बाई, ह्यात ए ऱ्हायलाय.”

“हो. पोरांनी लिहिलंय. ब ची आहेत.” मी फळ्याखालचा खडू उचलून तिच्यापुढे धरला. “घाल तू.”

तिने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं, खडू हातात घेतला आणि फळ्याजवळ गेली. हात वर नेला, त्या शब्दाजवळ नेला. तिने तो शब्द पुन्हा वाचला, ओठ हलवून, शाळेत वाचायची तसा. मग खडू जिथे होता तिथे परत ठेवला.

“ऱ्हाऊ द्या,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फळा पुसून त्यावर सुविचार आला. मी आठवी ब च्या वर्गावर गेले आणि उभी रेघ ओढली. त्या फळ्यावर ती ओढावी लागते असंही नाही. इतकी वर्षं सरांचा खडू त्याच जागी फिरल्यामुळे त्यांची रेघ पुसूनही दिसते. मी माझी नेहमीपेक्षा जरा डावीकडे घेतली.